डोळा पुढे, हात मागे

तिकोणा पेठेत पावसाळ्यात वीज जाते, यात सांगण्यासारखे काही नाही. तरीही २०२२ च्या जुलैमध्ये एका संध्याकाळी ती गेली, तो क्षण माझ्या मनात खिळून राहिला आहे. मी पियानोवर बसले होते. समोर पूर्वी कधीही न पाहिलेल्या एका भक्तिगीताचे पान होते. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर दिवा मालवला आणि काळोखात माझ्या हातांनी आणखी दोन सूर वाजविले. मग ते थांबले. पुढे काय आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. बाहेर पवनेच्या जलाशयावर पाऊस कोसळत होता. 'मेणबत्ती आणू का?' म्हणून आमच्या ह्यांनी आतून विचारले, पण मला उत्तर सुचले नाही. वयाची चौसष्टी गाठली, तीस वर्षे ख्रिस्तमंदिरात ऑर्गन वाजविला, आणि पदरी पुंजी म्हणावी तर एवढीच, दोन सुरांची.

न पाहिलेले, न ऐकलेले संगीताचे पान समोर ठेवले असता ते त्याच क्षणी वाजवून दाखविणे, याला पाश्चात्त्य संगीतात 'साइट रीडिंग' म्हणतात. आपल्याकडील गवयाला किंवा पेटीवादकाला याची फारशी गरज भासत नाही. पलुस्करांनी आणि भातखंड्यांनी स्वरलिपी सिद्ध केल्या, त्या बंदिशी टिकाव्यात आणि शिकविता याव्यात म्हणून. मैफलीत कागद समोर धरून गाता यावे हा त्यांचा हेतू नव्हता. पियानोचे तसे नाही. पाच पाच रेषांचे दोन पट्टे एकाखाली एक असतात. वरचा बहुधा उजव्या हाताचा, खालचा डाव्याचा. दोन्ही पट्ट्यांवर सूर लिहिण्याची रीत वेगळी. वर ज्या रेषेवर एक स्वर, खाली त्याच रेषेवर दुसराच. चार आवाजांचे साधे भक्तिगीत घेतले तरी प्रत्येक ठोक्याला चार सूर एकदम वाचावे लागतात, आणि ठोका तुमच्यासाठी थांबत नाही.

मी हे कधीच करीत नव्हते. मी पाठ करीत होते. शाळेतील ज्या सिस्टरांनी मला पियानो शिकविला, त्या नवीन धडा प्रथम स्वतः वाजवून दाखवीत. माझा कान बरा होता. तेवढ्या एका ऐकण्यात मला चाल सापडे, आणि पुढे कागद समोर असे तो केवळ शोभेला. लंडनच्या असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षेत एकूण १५० गुण असतात. त्यांपैकी साइट रीडिंगला २१. पान हाती आल्यावर न्याहाळायला अर्धा मिनिट मिळतो. उत्तीर्ण होण्यास १०० गुण पुरतात. हिशेब सरळ होता. तीन तुकडे चोख वाजवावेत, स्वरसप्तके घोटावीत आणि त्या २१ गुणांवर पाणी सोडावे. मी तसेच केले. (याच बोर्डाने २०२० पासून केवळ सादरीकरणाची जी परीक्षा सुरू केली, तिच्यात हा भागच नाही. माझ्यासारख्यांची सोय झाली, एवढेच म्हणते.)

पुढे धर्मग्रामात ऑर्गनची जागा रिकामी झाली आणि ती माझ्याकडे आली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेचा जो दस्तऐवज काढला, त्यानंतर मराठी भाषेत मिस्सा होऊ लागली, पेटी-तबल्यावर नव्या चालींची गीते आली. ती सारी कानाने शिकण्याजोगी. ज्या गीतांना चार आवाजांचे जुने लेखन होते, ती मी गुरुवारी घरी नेई आणि रविवारपर्यंत घोकून काढी. गायकवृंदाला वाटे, बाईंना सगळे येते. तसे वाटू देण्यात मलाही सुख होते.

ही लबाडी प्रथम ओळखली मास्तरांनी.

ते मूळचे गोव्याचे, साष्टीतले. आम्ही सारे त्यांना मास्तरच म्हणत असू. उतारवयात ते पुण्यात, कॅम्पात, येऊन राहिले होते. त्याआधीची जवळजवळ चाळीस वर्षे मुंबईत, चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजविण्यात गेलेली. आपल्या लहानपणी पडद्यावरच्या गाण्यांमागे जो व्हायोलिनांचा समुद्र उसळे, त्यातली एक लाट त्यांची.

ही माणसे घडली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. पोर्तुगीज काळातील गोव्यात चर्चला जोडून शाळा असे. गायनाचे शिक्षक, ज्यांना तेथे 'मेस्त' म्हणत, ते मुलांना आधी 'सोल्फेज' शिकवीत. म्हणजे पाच रेषांवरील खुणा पाहून दो, रे, मी असे तालात, सुरात म्हणावयाचे. ते पक्के झाल्यावाचून व्हायोलिन हाती नाही. या दो-रे-मीचा उगम आपल्या चर्चच्याच अंगणात आहे. अकराव्या शतकात अरेझ्झो येथील ग्विदो नावाच्या बेनेदिक्तीन संन्याशाने संत योहान बाप्तिस्ता याच्या एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींच्या आरंभीची अक्षरे उचलली आणि त्यांना स्वरांची नावे केली. तोवर गायक मुले दहा दहा वर्षे ऐकून ऐकून चाली पाठ करीत. ग्विदोचे म्हणणे असे की, माझ्या पद्धतीने वर्ष-दोन वर्षांत काम होते. पोप एकोणिसावे योहान यांनी त्याला रोमला बोलावून घेतले. ग्विदोने आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात नोंदविले आहे की, पोपमहाशयांनी ग्रंथाची पाने उलटली, नियम समजून घेतले, आणि कधीही न ऐकलेली एक ओळ स्वतः गाऊन पाहिल्याखेरीज ते जागचे उठले नाहीत. एक हजार वर्षे होत आली या घटनेला. आणि मी, गुरुवारी पान घरी नेणारी.

गोव्याच्या त्या शाळांतून बाहेर पडलेली मुले मुंबईला आली, धोबीतलावच्या गावोगावच्या 'कुडां'मध्ये पथाऱ्या टाकून राहिली, आणि हॉटेलांतील बँडमधून चित्रपटांत शिरली. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी. सॅबेस्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक ती पाच रेषांवर उतरवून प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद तयार करीत. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२), हेही याच परंपरेतले. त्यांचे नाव प्यारेलालनी १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यातून घरोघर पोहोचविले. गायक, वाद्यवृंद, सगळे एकत्र, एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत असत. मास्तर सांगत, 'सकाळी कागद मिळायचा, तासाभरात लाल दिवा लागायचा. पन्नास माणसांतला एक अडखळला की पन्नास जणांचं गाणं पहिल्यापासून. पाठ करायला वेळ कुणाला होता?' पुढे निरनिराळ्या पट्ट्यांवर वेगवेगळे मुद्रण करण्याची यंत्रे आली, विजेवरचे सिंथेसायझर आले, आणि ती पन्नास माणसे घरी गेली.

तर असे हे मास्तर. नाताळच्या तयारीसाठी त्यांनी गायकवृंदाबरोबर व्हायोलिन वाजवावे म्हणून आम्ही त्यांना आणले. त्यांनी एक पान माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, 'वाजव गे बाय.' मी म्हटले, 'मास्तर, एकदा तुम्ही वाजवून दाखवा ना.' त्यांनी वाजविले. मग मी वाजविले. दुसऱ्या पानाला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी व्हायोलिन खाली ठेवले आणि माझ्याकडे नुसते पाहिले. चारचौघांत ते काही बोलले नाहीत. त्यांची ती सभ्यता मला त्या वेळी झोंबली.

त्यांनी मला घरी बोलाविले. तीन दुपारी मी गेले. त्यांची रीत साधी होती. ते एक जुनी लग्नपत्रिका घेत आणि मी जे माप वाजवू लागे, नेमके तेच झाकून टाकीत. 'वाजवतेस ते बघायचं नाही. ते बघून झालं. पुढचं बघ.' मी गोंधळे, थांबे, चुकलेला सूर मागे जाऊन दुरुस्त करी. ते म्हणत, 'चूक ती गेली. गाडी सुटली तिची. तू का फलाटावर उभी?' चौथ्या दुपारी मी डोके दुखत असल्याचा निरोप धाडला. पाचव्या दुपारीही काहीतरी धाडले. पन्नाशी उलटलेल्या, समाजात 'बाई' म्हणून मान असलेल्या स्त्रीला मुलासारखे अडखळणे सोसवले नाही, हे खरे कारण. मास्तरांनी पुन्हा विषय काढला नाही. पण त्यांनी मला शिकलेली धरले असावे.

२०२१ च्या नोव्हेंबरात मास्तर गेले. दफनविधीच्या सकाळी आंटी ऑर्गनपाशी आल्या. हाती एक पान होते. मास्तरांच्या अक्षरातले, निळ्या शाईने लिहिलेले. ऑर्गनसाठी त्यांनी स्वतः रचलेला छोटा तुकडा. 'तो बोलून गेला आहे, शेवटी हे वाजवायचं. बाय वाजवील म्हणाला.' मी पान उघडून ठेवले. आरंभी दोन कोमल चिन्हे दिसली. पुढचे सारे मुंग्यांची रांग. शवपेटी उचलली गेली तेव्हा मी आम्हां सर्वांना तोंडपाठ असलेले एक गीत वाजविले. छानच वाजविले असणार, कारण दोघातिघांनी नंतर तसे म्हटले. आंटींनी पान घडी करून पर्समध्ये ठेवले. त्या काहीही बोलल्या नाहीत.

निवृत्तीनंतर आम्ही तिकोणा पेठेत येऊन राहिलो, त्याला इतर कारणे होतीच; ह्यांना शेतीची हौस, मुले परदेशी. पण पियानो येथे आणण्याचा हट्ट माझा, आणि त्याचे कारण ते पान. परदेशी स्थायिक होण्यास निघालेल्या एका कुटुंबाकडून हा उभा पियानो आम्ही घेतला आणि टेंपोत घालून कामशेतवरून आणला. मावळच्या पावसात पियानो म्हणजे संकटच. लाकूड फुगते, पट्ट्या खाली दबून खालीच राहतात, आतील नमद्याला बुरशी धरते. मुंबईकरांची जुनी युक्ती म्हणून आत एक लहानसा दिवा जळत ठेवला आहे. वीज असते तेव्हा तो कोरडेपणा राखतो. शनिवार-रविवारी धरणाच्या काठी तंबू ठोकून राहणाऱ्या मंडळींचे कर्णे वाजू लागले की सराव बंद. बाकीच्या दिवशी समोर गड असतो, ढगांत अर्धा बुडालेला. शिवाजी महाराजांना पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले द्यावे लागले, त्यांत हाही होता, परतही आला. सकाळी खिडकीतून त्याच्याकडे पाहिले की मला जरा धीर येत असे.

सुरुवात अगदी लहान मुलांच्या पुस्तकांपासून केली. हंगेरीचे बेला बार्तोक यांचे 'मिक्रोकॉस्मॉस' या नावाचे सहा भाग आहेत, एकूण १५३ तुकडे, १९२६ ते १९३९ या काळातले. पहिल्या भागाच्या आरंभी दोन्ही हात एकच चाल वाजवितात. तेवढेही मला न अडखळता वाजविता येईना. माझा कान आड येई. दोन सूर वाजले की तिसरा काय असावा हे तो परस्पर ठरवी, आणि बार्तोकना काही वेगळेच हवे असे. कानाने चालणाऱ्याला सोपी पण अनपेक्षित वळणांची चाल हेच खरे औषध, हे मला उशिरा कळले. दुसरे असे की, पान दोनदा वाजविले की ते पाठ होऊ लागते, म्हणजे सरावाच्या दृष्टीने मेलेच. त्यामुळे भरपूर पाने लागतात. जुनी भक्तिगीतांची पुस्तके, कुणाच्या माळ्यावरचे शिकवणीचे भाग, जे मिळेल ते मी गोळा केले. रोज वीस मिनिटे. आधी नुसते पाहावयाचे: कोमल-तीव्र चिन्हे कोणती, ठेका कोणता, हात कुठे दूर उडी घेतो, शेवट कोणत्या सुरावर. मग ज्या गतीने सर्वांत अवघड जागा निभावेल त्याच गतीने आरंभ. मधे थांबावयाचे नाही. सगळे सूर हाती येत नसतील तर मधले दोन सोडावे, खालचा आणि वरचा धरावा. चार आवाजांचे पान खालून वर वाचावे, म्हणजे पाया सुटत नाही. हाताकडे पाहावयाचे नाही. हे शेवटचे फार जड गेले. काळ्या पट्ट्यांच्या दोन-तीनच्या जोड्या बोटांनी चाचपून ठिकाण ओळखावयाचे, अंध माणूस भिंत चाचपतो तसे.

लग्नपत्रिका धरण्याचे काम ह्यांच्याकडे आले. त्यांना संगीतातले ओ की ठो कळत नाही, पण उभ्या रेषा मोजता येतात. पहिल्या आठवड्यात आमची दोन भांडणे झाली.

या दिवसांत मला आजोबा वारंवार आठवत. ते नगर जिल्ह्यात कचेरीत कारकून होते आणि मोडी वाचीत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते. एकेक अक्षर लावू जाल तर कागद कधीच लागावयाचा नाही. आजोबा जुना दस्तऐवज हाती घेत आणि सरळ वाचत सुटत. त्यांचे बोट तोंडाच्या मागे राही, पण डोळे ओळीच्या टोकाला पोहोचलेले असत. 'अक्षर नाही वाचायचं, मजकूर वाचायचा,' असे ते म्हणत. सुरांचेही तेच आहे. 'हा ग, हा ब' अशी नावे घेत बसण्याऐवजी एका सुरापासून दुसरा किती उंच वा खाली, चार सुरांची आकृती कोणती, हे ओळखू आले की ओळ मजकुरासारखी दिसू लागते. अर्थात याची एक गंमतही आहे. ब्राम्झच्या एका पियानो-रचनेत (ऑप. ७६, क्र. २) छपाईची एक चूक वर्षानुवर्षे तशीच राहिली होती. ती सापडली बोरिस गोल्डोव्हस्की या पियानोवादकाच्या एका शिष्येमुळे, जी वाचनात कच्ची होती. तिने छापले होते तेच वाजविले. पुढे गोल्डोव्हस्कीने निष्णात वाचकांना 'येथे चूक आहे, शोधा' असे सांगूनही ती त्यांना दिसेना; त्यांचे डोळे मजकूर वाचीत आणि हात आपोआप बरोबर सूर वाजवीत. कच्च्या वाचकालाही कुठेतरी मान मिळाला, हे वाचून मला बरे वाटले.

विजेची गोष्ट मी नंतर एका लेखात वाचली आणि थक्क झाले. जॉन स्लोबोडा या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हाच प्रयोग मुद्दाम केला होता. वादक वाचून वाजवीत असता तो समोरचे पान एकाएकी नाहीसे करी आणि त्यानंतर किती सूर बरोबर वाजतात ते मोजी. कच्चे वाचक तीन-चार सुरांत संपत. तयार वाचक सातांपर्यंत जात. शिवाय चांगल्या वाचकांचे सूर वाक्य संपते तेथे थांबत, भलतीकडे नव्हे. म्हणजे माझे दोन सूर कच्च्यांतही कच्चे. तेव्हापासून वीज गेली की मी चिडेनाशी झाले. सप्टेंबरात चार मोजले. पुढच्या पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत, एकदा सहा, आणि ते एका ओळीच्या शेवटाशी येऊन थांबले. ह्यांनी काळोखात टाळी वाजविली.

या सगळ्या काळात आंटींकडे ते पान मागण्याचा मोह मला शंभरदा झाला. मी मागितले नाही. मागितले असते तर चार दिवस घोकून काढले असते, आणि पुन्हा तीच गुरुवारची बाई झाले असते. न पाहिलेले पान एकदाच न पाहिलेले असते. मला ठाऊक होते ते फक्त दोन कोमल चिन्हांपुरते, आणि तेवढे मी विसरू शकत नव्हते. बाख यांची एक गोष्ट त्यांचे पहिले चरित्रकार फोर्केल यांनी सांगितली आहे. आपण काहीही पाहताक्षणी वाजवू शकतो असे तरुण बाख एकदा म्हणून बसले. मित्राने त्यांच्या नकळत एक पान वाद्यावर ठेवून दिले. बाख सहज वाजवू लागले आणि एका जागी अडखळले, पुन्हा आरंभ केला, पुन्हा तेथेच अडखळले. तेव्हा, सगळेच काही प्रथमदर्शनी वाजविता येत नाही, असे त्यांनी कबूल केले. बाखना दोन वेळा अडखळण्याची मुभा असेल तर मला किती असावी, याचा हिशेब मी करीत असे.

२०२३ च्या नोव्हेंबरात, मृतात्म्यांच्या महिन्यात, मीच आंटींना येथे राहावयास बोलाविले. येताना पान आणा, असे फोनवर सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता, मग 'बरं'.

त्या आल्या. जेवणे झाली, इंद्रायणी भाताची त्यांनी तारीफ केली. दुपारी त्यांनी पर्स उघडून पान माझ्या हाती दिले. घडीवर शाई थोडी फुटली होती. मी ते पियानोवर ठेवले, अर्धा मिनिट पाहिले. दोन कोमल, तीनचा ठेका. पायात लांब सूर, डाव्या हाताला शेवटाकडे एक मोठी उडी. मग आरंभ केला, अतिशय संथ. दुसऱ्या ओळीत मधला एक आवाज मी सरळ सोडून दिला. चौथ्या ओळीच्या आरंभी उजव्या हाताचा सूर चुकला. त्याची गाडी सुटली, मी पुढे गेले. ती मोठी उडी मात्र साधली. शेवटच्या ओळीत एक स्वरमेळ असा वाजला की माझ्या कानाने ओरडून सांगितले, हे चुकीचे आहे. पण डोळे तोवर पुढे गेले होते. मी शेवटच्या सुरावर जाऊन थांबले.

आंटी खिडकीशी बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, 'एवढं हळू नाही गे ते.' मग, 'आणि तो शेवटाकडचा सूर? तसाच आहे?'

मी चष्मा सावरून पानावर वाकले. मास्तरांनी तेथे आधी एक सूर लिहून खोडला होता, आणि त्याच्या वर, ठळक, मी वाजविला तोच लिहिला होता.

'तसाच आहे,' मी म्हटले.

'मग परत वाजव,' त्या म्हणाल्या, 'आता जरा चालीत.'